कल्पनेतील हालचाल आणि मेंदूचे शिक्षण



जबलपूरच्या राइट टाउनमधील क्रीडांगणावर उंच उडी घेण्यापूर्वी एखादा खेळाडू क्षणभर डोळे मिटून मनातल्या मनात ती उडी घेऊन पाहतो. पाहणाऱ्यास तो विसावा घेत आहे असे वाटते. वस्तुतः त्या क्षणी त्याच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित केंद्रे जागृत झालेली असतात. हात हलवणे आणि हात हलवण्याची कल्पना करणे या दोन क्रिया मेंदूच्या दृष्टीने परस्परांपासून फार दूर नाहीत. मेंदू आणि संगणक यांना जोडणाऱ्या यंत्रणेचा एक प्रमुख प्रकार याच तत्त्वावर उभा आहे.

मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींची पहिली नोंद जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली केली. हात स्वस्थ असताना मेंदूच्या प्रेरक क्षेत्रावर सेकंदास सुमारे ८ ते १३ आवर्तनांची लय आढळते. समुदायाने एका ठेक्यात टाळ्या वाजवाव्यात, तशा तेथील असंख्य पेशी एकत्र स्पंदत असतात. हालचालीचा आरंभ होताच त्या आपापल्या कामास लागतात आणि ठेका क्षीण होतो. केवळ कल्पना केली तरी हेच घडते. उजव्या हाताची कल्पना केल्यास ही लय मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्धात मंदावते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे गेर्ट फुर्टशेलर यांनी या बदलाचा दीर्घकाळ अभ्यास केला. संगणक हा बदल ओळखतो आणि त्यानुसार पडद्यावरील खूण हलवतो.

परंतु अशा कल्पनेने मेंदूत काही टिकाऊ बदल घडतो काय? १९९२ साली अमेरिकेत यू आणि कोल यांनी काही व्यक्तींना चार आठवडे करंगळीचे स्नायू आवळण्याची केवळ कल्पना करावयास लावली. त्यांची शक्ती सरासरी २२ टक्क्यांनी वाढली, तर प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्क्यांनी. ज्या स्नायूंना व्यायाम घडलाच नाही त्यांची शक्ती वाढली, याचा अर्थ असा की त्यांना आज्ञा देणारी मज्जासंस्थाच अधिक समर्थ झाली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उत्तर न मिळणारी कल्पना दुबळी असते. गायकाने कान बंद करून रियाज केला तर सूर सुधारणार कसा? अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युदग्रे बसवली होती अशा रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नुसत्या कल्पनेने घडणारा बदल प्रत्यक्ष हालचालीच्या सुमारे एक चतुर्थांश होता. त्याच कल्पनेने पडद्यावरील खूण हलवण्याचे शिक्षण मिळाल्यावर मात्र तो प्रत्यक्ष हालचालीहूनही अधिक झाला.

पक्षाघाताच्या रुग्णाची अडचण नेमकी हीच असते. मेंदू आज्ञा देतो, हात हलत नाही, आणि मेंदूस उत्तर मिळत नाही. यंत्रणा हे खंडित वर्तुळ पूर्ण करते : रुग्ण मूठ उघडण्याची कल्पना करतो, संगणक ती ओळखतो, हातावर चढवलेले यंत्र बोटे उघडते आणि तो स्पर्श मेंदूकडे परततो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका अभ्यासात जुन्या पक्षाघाताचे ३२ रुग्ण होते. व्यायामोपचार सर्वांनाच मिळाले. एका गटात यंत्राची हालचाल मेंदूतील बदलाशी जोडलेली होती; दुसऱ्यात ती त्याच्याशी संबंध न ठेवता होत असे. हालचालीत लक्षणीय सुधारणा पहिल्याच गटात दिसली. जबलपूरच्या उत्तरेस, कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आशिष दत्ता यांनी अशाच तत्त्वावर हातासाठी यंत्र विकसित केले आहे.

अर्थात ही जादू नव्हे. कित्येकांना अनेक बैठकांनंतरही या यंत्रणेवर पुरेसा ताबा मिळत नाही. तो त्यांच्या इच्छाशक्तीचा दोष मानू नये. हात दुरून हलताना पाहण्यापेक्षा तो आतून हलत असल्याची जाणीव जागवणे अधिक उपयुक्त ठरते. तसेच हा उपाय नेहमीच्या व्यायामोपचारांची जागा घेऊ शकत नाही, तो त्यांना जोड देतो.

निश्चल हाताकडे लक्ष लावून बसलेला रुग्ण रिकामा बसलेला नसतो. तो श्रम करीत असतो. आणि त्याच्या श्रमांस उत्तर मिळेल अशी व्यवस्था करणे हे विज्ञानाचे, तसेच त्याच्या कुटुंबीयांचे कर्तव्य होय.