गोळी एक, विचार अनेक

माणच्या दुष्काळी मुलुखांतील कित्येक माणसें पोटासाठीं मुंबई गांठतात. अशा फिरत्या जीवनांत एच्. आय्. व्ही.वरील औषध निवडतांना तें रोज घेतां येईल काय, हा पहिला प्रश्न होय. कारण वारंवार खंड पडला कीं विषाणू औषधास दाद देईनासा होतो. २००४ सालीं भारतांत सरकारी मोफत उपचार सुरू झाले, तेव्हां गोळ्या दिवसांतून दोनदां घ्याव्या लागत. झिडोव्हुडीननें कांहींना रक्तक्षय होई. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकच गोळी बहुतेकांस पुरते. तथापि टेनोफोव्हिरकरितां मूत्रपिंडें तपासावीं लागतात. क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असल्यास डोल्युटेग्रॅव्हिर दुप्पट द्यावें लागतें. म्हणून रुग्णानें आपला प्रत्येक आजार व प्रत्येक स्थलांतर डॉक्टरांस निःसंकोच सांगावें, आणि तें सांगण्याचें धैर्य घरच्यांनीं त्यास द्यावें.