पाने का गळतात?

दिवाणखान्यात आपण हौसेने ठेवतो ते रबराचे झाड वड-पिंपळाच्याच गणातले. मेघालयाच्या पावसाळी डोंगरांत खासी लोक याच झाडाची मुळे वळवून ओढ्यांवर जिवंत पूल घडवितात. असा बळकट वृक्ष घरात येताच पाने का गाळू लागतो?

निरोगी पान ऑक्सिन नावाचे द्रव्य देठाकडे सतत धाडीत असते. प्रकाश एकाएकी घटला, थंडी बाधली किंवा मुळे गुदमरली, की हा ओघ मंदावतो. एथिलीन वायूचा प्रभाव वाढतो, देठाच्या तळाशी असलेल्या पेशींची पकड सुटते आणि पान गळते.

अशा वेळी आपण घाबरून आणखी पाणी घालतो, आणि तेच झाडाच्या जिवावर बेतते. चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. म्हणून मातीत बोट खुपसून पाहावे; वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. कुंडीचे छिद्र मोकळे असावे. झाड उजेडाच्या खिडकीपाशी ठेवावे, त्याची जागा वरचेवर बदलू नये. उत्तर भारतातील हिवाळ्यात त्याला गार वाऱ्यापासून जपावे. खालचे एखादे जुने पान पिवळे पडले, तर मात्र चिंता नसावी. तो निसर्गक्रमच होय.