‘रॅटल’ हा शब्द शिकविताना



इंग्रजीच्या पाठात ‘रॅटल’ हा शब्द आला की फळ्यावर बहुधा एकच ओळ लिहिली जाते : ‘रॅटल म्हणजे खडखडणे’. मुले ती उतरवून घेतात व पाठ करतात. पुढे एखाद्या गोष्टीत पाळण्यातले बाळ हाती ‘रॅटल’ घेऊन खेळताना भेटते, आणि बाळाच्या हातात ‘खडखडणे’ कसे आले हे मुलाला उमगत नाही. त्याचे पाठांतर चोख असते. उणीव त्या ओळीत असते. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्यामुळे अशी ओळ आता फारच कोवळ्या वयात मनावर ठसते.

कठीण वस्तू एकमेकींवर भराभर आपटल्या म्हणजे जे तुटक, कोरडे आवाज एकापाठोपाठ निघतात, त्यांना ‘रॅटल’ म्हणतात. तसा आवाज होणे वा करणे यालाही तोच शब्द, आणि ज्या साधनाने तो काढावयाचा त्यालाही तोच. बाळाचा खुळखुळा म्हणूनच ‘रॅटल’ होय. लंडनच्या महानगर पोलीस दलाची स्थापना १८२९ साली झाली. तेथील शिपायांजवळ शिट्टी येण्यापूर्वी मदतीस हाक देण्यासाठी लाकडी ‘रॅटल’ असे.

मराठीची रीत निराळी आहे. वाऱ्याने तावदाने खडखडतात, डब्यात नाणी खुळखुळतात, पत्र्यावर गारा ताडताड वाजतात, मरणासन्न माणसाच्या घशात घरघर लागते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रॅटल’ चालू शकतो. इंग्रजीतही ध्वनिवाचक शब्दांचा तुटवडा नाही, परंतु हा एक शब्द ती भाषा पुष्कळ ठिकाणी राबविते. अर्थात त्याला एकच मराठी प्रतिशब्द शोधीत बसणे व्यर्थ आहे. आधी वस्तू पाहावी, मग मराठी शब्द निवडावा.

या शब्दासाठी उत्तम शैक्षणिक साधन शेताच्या बांधावर मिळते. हिरवळीच्या खताचा ताग फुलावर येताच जमिनीत गाडतात. पण बियाण्यासाठी राखलेल्या तागाच्या शेंगा वाळल्या की आतील बिया सुटून खुळखुळू लागतात. तागाच्या रानटी भाईबंदांना आपल्याकडे खुळखुळा किंवा घागरी म्हणतात, इंग्रजीत ‘रॅटलपॉड’. लिनियसने १७५३ साली या वनस्पतिगटाला ‘क्रोटॅलॅरिया’ हे नाव दिले. ते एका ग्रीक शब्दावरून आले असून त्याचा अर्थ हाताने वाजवावयाचे चिपळ्यांसारखे वाद्य. १७५८ साली त्याच मुळावरून त्याने एका अमेरिकन सर्पाला ‘क्रोटॅलस’ म्हटले. तोच ‘रॅटलस्नेक’.

मात्र या सर्पाच्या शेपटीत बिया किंवा खडे नसतात. तेथे शिंगासारख्या द्रव्याची पोकळ कडी एकमेकांत सैल अडकलेली असतात व प्रत्येक कातीबरोबर एका कड्याची भर पडते. शेपटी सेकंदाला पन्नासांहून अधिक वेळा थरथरू शकते, आणि कडी एकमेकांवर आदळून सुटे आवाज सलग ऐकू येतात. हा सर्प भारतात नाही. कोकणातल्या मुलांना फुरसे ठाऊक असते. तेही आवाज करून इशारा देते, पण ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासते. तो आवाज घर्षणाचा, करवतीसारखा; त्याला ‘रॅटल’ म्हणणे योग्य नव्हे. आपटणे आणि घासणे यांतील हा भेद मुलांना चटकन पटतो.

लाक्षणिक अर्थ दोन. ‘रॅटल ऑफ’ म्हणजे न थांबता धडाधडा म्हणून दाखविणे, जसे पाढे (किंवा शब्दार्थांची यादी!). ‘रॅटल्ड’ म्हणजे गांगरून गेलेला. अचानक तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यासमोर मुलाची जी अवस्था होते, ती ही. हे दोन्ही अर्थ वरच्या वर्गांसाठी ठेवावेत.

खालच्या वर्गात वाळलेली शेंग मुलांच्या कानाशी हलवावी आणि शब्द उच्चारावा. मग मुलांकडून कंपासपेटी हलवून घ्यावी, वर्गाचे सैल दार हलवून घ्यावे. प्रत्येक वेळी मराठी शब्द मुलांनी सांगावा, इंग्रजी शब्द तोच राहील. शेंगांतील बिया विषारी असतात. तास संपताच शेंगा मोजून परत घ्याव्यात.