मोबाइलच्या चावडीवरची पत

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पत हा शब्द आपल्याला सोसायटीच्या आणि बँकेच्या पायरीवर शिकवला गेला. सातबारा किती, बोजा किती, थकबाकी किती, यावर साहेब आपली पत ठरवतात. पण गावात पत मोजणारे आणखी एक खाते चालते. कोणाच्या शब्दावर बियाण्याची पिशवी फोडायची, कोणाची हाक आली तर रात्री उठून जायचे आणि कोणाचे ऐकून नुसती मान हलवायची, हे प्रत्येकाला ठाऊक असते. ही पत कर्जाने मिळत नाही, वर्षानुवर्षांच्या वागण्यातून मिळते. आज तिच्याविषयी बोलायचे, कारण चावडी आता मोबाइलमध्ये भरते.

१९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन झाले तेव्हा कोणाच्याही खिशात मोबाइल नव्हता. निरोप माणसाबरोबर जात असे. तो खोटा निघाला तर सांगणारा दुसऱ्या दिवशी त्याच पारावर सापडत असे. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले आणि २०२२ पासून त्याच्या एका गटात १०२४ माणसे बसू शकतात. एवढा मोठा पार कुठल्या गावात आहे? निरोप क्षणात पोचतो. त्याच्याबरोबर माणूस पोचेलच असे नाही.

याचा नफा आणि तोटा दोन्ही आपण पाहिले आहेत. पुणतांब्यातून उभा राहिलेला शेतकरी संप १ जून २०१७ रोजी सुरू झाला. मोबाइलवरच्या गटांतून तो गावोगाव पोचला. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलणी करून आलेल्या मंडळींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी ते मानले नाही आणि संप चालूच राहिला. कोण बरोबर, कोण चूक हा वाद आज उकरायचा नाही. धडा घ्यायचा तो असा, की लोक गोळा करण्यापुरती ओळख मोबाइलवर आठवड्यात होते. आपल्या वतीने बोलणी करायला पाठवावे एवढा विश्वास आठवड्यात तयार होत नाही.

आता गटात बोलतो कोण ते पाहा. याकोब नीलसन या अभ्यासकाने २००६ साली अशा समूहांबद्दल एक ढोबळ नियम मांडला. शंभरांपैकी ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि बराचसा मजकूर उरलेल्या एकाचा असतो. वाचणारे ९० बिनकामाचे आहेत असे समजू नका. तेच उद्या पंप पाठीवर घेणार आहेत. अडचण वेगळी आहे. ज्याला माहीत असते तो पुष्कळदा गप्प असतो. किडके बोंड आणि कवडी कापूस सगळ्यांत आधी वेचणाऱ्या बायांच्या हाताला लागतो. त्यांच्यापैकी कितीजणी आपल्या गटात आहेत? मोबाइल घरधन्याच्या खिशात आणि पिकाची खबर घरधनिणीच्या ओट्यात, अशी आपली वाटणी आहे.

मग गटात मोठा कोण ठरतो? दिवस उगवायच्या आत सुप्रभात करणारा आणि दिवसभर आलेले सगळे पुढे ढकलणारा. त्याच्या निरोपाखाली अंगठ्यांची रांग लागते. पण अंगठा देणाऱ्याने ते औषध फवारून पाहिलेले नसते.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी याचा विचार केला. त्यांचे स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ २००८ साली सुरू झाले. तिथे नियम असा ठरला की उत्तराला पसंतीचे मत पडले की उत्तर देणाऱ्याच्या नावावर १० गुण जमा. विरोधी मत पडले तर २ गुण वजा. आणि ते मत देणाऱ्याचाही १ गुण वजा, म्हणजे उगाच कोणी कोणाला पाडायला जाणार नाही. नव्या माणसाला सगळे हक्क पहिल्या दिवशी मिळत नाहीत. गुण वाढतील तसे मिळतात. आपल्या गटाला असा मुनीम नाही. वही आपल्यालाच ठेवावी लागेल.

ती ठेवली नाही तर काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी फिरणारी माणसे ती. तशा अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो आणि त्यावर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले की समजावे, या निरोपाला धनी नाही.

पिकाच्या निरोपालाही हेच लागू आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे पाहिलेल्या मुलखात 'अमुक औषध तमुकात मिसळा, हमखास गुण' असा बेवारस निरोप पुढे ढकलणे हा पोरखेळ नव्हे. त्यापेक्षा असा निरोप पाहा: 'आमच्या शिवारात पऱ्हाटी साठ दिवसांची. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग. डोमकळ्या दिसू लागल्या. फोटो आज सकाळचा.' यात सल्ला एकही नाही. पण सापळ्यामागे आठ पतंग, सलग तीन रात्री, ही तज्ज्ञांनी ठरवलेली धोक्याची पातळी आहे. वाचणारा उठून आपला सापळा मोजायला जाईल. दहा दिवसांनी हाच शेतकरी काय फवारले, किती खर्च आला आणि फरक पडला की नाही ते सांगेल. फरक पडला नाही हेही सांगेल. ज्वारीच्या पोंग्यात लष्करी अळी दिसली तरी हाच हिशोब: किती झाडे तपासली, किती झाडांवर सापडली. असे दोन हंगाम सांगणाऱ्याची पत वाढवायला अंगठे लागत नाहीत.

भावाचेही तसेच. 'कापूस तेजीत, विकू नका' या निरोपावर घरात कापूस कोंडून बसणाऱ्याला सावकार थांबत नाही. बाजार कोणता, तारीख कोणती, ओलावा किती, पैसे रोख की उधार? सीसीआय हमीभावाने घेते तेव्हा ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर नकार. ओलावा न सांगता सांगितलेला भाव अर्धाच. हिशोबपट्टीचा फोटो टाका. शंभर गप्पांपेक्षा ती जास्त बोलते.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या गटापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक, आपल्या शेतातले, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले, गाव आणि तारखेसह सांगा. दोन, बियाणे-औषधे विकणारा गटात जरूर असावा, पण विकतो हे त्याने आधी सांगावे. तीन, चुकलो म्हणणाऱ्याची थट्टा करू नका; एकदा थट्टा झाली की पुढच्या वेळी तो चूक झाकेल आणि नुकसान आपले होईल. चार, वेचणीच्या बायांना गटात घ्या आणि त्यांनी सांगितलेले आधी वाचा.

उद्या भावासाठी रस्त्यावर उतरायची वेळ येईल. तेव्हा निरोप याच मोबाइलवर येईल. तो वाचून दहा गावे उठतील की मान हलवून झोपतील, हे त्या दिवशी ठरणार नाही. आज आपण कापसाबद्दल, ज्वारीबद्दल, भावाबद्दल एकमेकांशी किती खरे बोलतो त्यावर ते ठरते आहे.