मागणं, देणं आणि मन



पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा भावे जन्मले, आणि रोह्याला १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांनाही माणसाच्या मनाची एक अवघड जागा ठाऊक होती: देताना हात का आखडतो आणि घेताना मान का खाली जाते.

१८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा तेलंगणातल्या पोचमपल्लीत होते. त्या भागात जमिनीवरून रक्त सांडत होतं. गावातल्या दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी समोर बसलेल्या गावालाच विचारलं, कुणी देऊ शकेल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि १०० एकर देतो म्हणाले. पुढे जमिनीचं दान, म्हणजे भूदान, मागत विनोबा गावोगाव सांगत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. परक्याला द्यायचं म्हटलं की माणूस हिशेब मांडतो. मुलाचा हक्क मात्र त्याने मनोमन आधीच मानलेला असतो.

अर्थात, भूदानात कबूल झालेली बरीच जमीन वाटलीच गेली नाही, काही नापीक निघाली. सभेत भरून आलेलं मन घरी जाऊन कागद करायच्या वेळी तसंच राहतं असं नाही. त्या सगळ्यालाच लबाडी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

घेणाऱ्याच्या मनाचा विचार शास्त्रीजींनी फार बारकाईने केला. त्यांच्या स्वाध्याय परिवारातल्या कोळ्यांची 'मत्स्यगंधा' होडी पाहा. कोळी पाळीपाळीने तिच्यावर जातात, जाळं टाकतात, आणि त्या मासळीचे पैसे देवाचे मानतात. नडलेल्या घरी त्यातली मदत गाजावाजा न करता, प्रसाद म्हणून पोचते. ती कुणा एकाची नसतेच, त्यामुळे 'मी दिले' असं म्हणायला कुणी उरत नाही. दुसऱ्या दिवशी बंदरावर समोरासमोर आलं तरी घेणाऱ्याला नजर चुकवावी लागत नाही. उपकाराचं ओझं कर्जापेक्षा जड असतं, कारण ते फिटलं असं कुणी लिहून देत नाही.

पेण-रोह्याच्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे: पावसाळ्यात शेजारचं घर अडचणीत आलं, तर मदत जरूर करा. पण तिचा फोटो काढू नका, आणि पुढे चारचौघांत त्या घराला तिची आठवण करून देऊ नका.