कोयासानच्या डोंगरावर बाबासाहेब

आमच्या जुळे सोलापुरातून कुणी जपानला निघालं की टोकियो, क्योटो, बुलेट ट्रेन ही यादी ठरलेलीच असते. मी त्यांना आवर्जून सांगते, एक मुक्काम कोयासानला करा.

ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेनं निघायचं आणि शेवटचा खडा चढ केबल कारनं चढायचा. वर, सुमारे 800 मीटर उंचीवर, शंभराहून जास्त बौद्ध मंदिरं आहेत. 816 साली सम्राटानं ही जागा कूकाई या भिक्षूला दिली. कूकाई चीनमध्ये संस्कृत शिकले ते नालंदेत शिकून आलेल्या प्रज्ञ या आचार्यांकडून. त्याची खूण ओकुनोइनच्या दफनभूमीत आजही दिसते. समाध्यांमागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या असतात. त्यांवर काळ्या शाईनं, सिद्धम् लिपीत, वरून खाली पाच अक्षरं: ख, ह, र, व, अ. म्हणजे आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आपलीच पंचमहाभूतं! फळ्या जुन्या होतात, नव्या येतात, त्यामुळे ही लिपी तिथं आजही हातानं लिहिली जाते.

पण मी सर्वांत जास्त वेळ बसले ती न्योनिन्दोच्या पायरीवर. हे वेशीवरचं बायकांचं देऊळ. शतकानुशतकं बायकांना आत मज्जाव होता. त्या इथवर यायच्या, रात्र काढायच्या आणि डोंगरकड्याच्या पायवाटेनं वळसा घालून लांबूनच हात जोडायच्या. अशी सात देवळं होती, आता एकच उरलं आहे. 1872 मध्ये सरकारी आदेशानं बंदी उठली. प्रत्यक्षात दारं उघडायला आणखी कित्येक वर्षं गेली.

त्याच गावात, कोयासान विद्यापीठात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर 2015 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. काळाराम मंदिराचं दार उघडावं म्हणून 1930 पासून नाशिकला सत्याग्रह चालवणारे, आपल्या वळसंगची विहीर ज्यांच्या हस्ते खुली झाली, ते बाबासाहेब. एकेकाळी निम्म्या माणसांना वेशीवर अडवणाऱ्या डोंगरावर ते उभे आहेत, याचा मला फार आनंद वाटला.

ओसाकाहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे बरेच जण विद्यापीठाकडे वळत नाहीत. कोंगोबुजी या मुख्य मंदिरापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मुक्काम मंदिरातच मिळतो, जेवण शाकाहारी असतं, कांदा-लसूणही नसतो. थंडी मात्र कडक. गरम कपडे घेऊन जा.