दूध कशानं थिजतं?

मागच्या मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे यायचे होते आणि मी कोकमाचं पुडिंग करायला घेतलं. रंग आधीच डोळ्यांसमोर आला होता, तो फिका जांभळट गुलाबी. अर्धा लिटर दूध तापवलं, साखर घातली, कॉर्नफ्लोअर लावलं. छान दाट झालं. मग हौसेनं अर्धी वाटी कोकमाचा रस त्यात ओतला. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. दूध फाटलं, दाणे दाणे दिसायला लागले, कडेनं पाणी सुटलं. पाहुण्यांना मी कलिंगड कापून दिलं आणि पातेलं ओट्याच्या मागं सरकवून ठेवलं.

रात्री ते पातेलं घासताना मनात आलं, की कोकमाची चव तर चांगलीच होती. मग बिघडलं काय? बिघडली होती जोडी. आज मला त्या जोडीविषयीच सांगायचं आहे. पुडिंगमध्ये चव कुठली घालायची, हा विचार आपण पहिल्यांदा करतो. तो दुसऱ्यांदा करायला हवा. पहिल्यांदा विचारायचं, की हे दूध कशानं थिजणार आहे?

पुडिंग म्हटलं की आपल्याला साहेबाची आठवण येते. इंग्लंडात या शब्दाखाली काय काय येतं बघा. नाताळात सुका मेवा घालून तासन् तास वाफवलेला गोळा, तोही पुडिंग. डुकराचं रक्त आणि ओटचं पीठ भरलेलं सॉसेज, तेही पुडिंग. आणि ‘आज पुडिंगला काय?’ असं कुणी विचारलं, तर त्याचा अर्थ नुसता ‘जेवणानंतर गोड काय?’ एवढाच. अमेरिकेत मात्र पुडिंग म्हणजे दूध, साखर आणि मक्याचं सत्त्व शिजवून केलेला मऊ, चमच्यानं खायचा पदार्थ. आपल्याकडे या दोन्ही घरांतून थोडं थोडं आलं. गोव्यात मात्र ते पोर्तुगिजांकडून आलं. तिथल्या ख्रिस्ती घरांतलं कॅरमेल पुडिंग, मुंबईच्या इराणी हॉटेलांतलं कॅरमेल कस्टर्ड आणि पारशी लग्नातलं जायफळ-वेलदोड्याचं ‘लगन नु कस्टर्ड’ ही सगळी एकमेकांची मावसभावंडं.

पण दूध थिजवण्याची विद्या मराठी घराला कुणी बाहेरून शिकवायला नको होती. आपला खरवस आठवा. गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचं दूध म्हणजे चीक. वासराच्या रक्षणासाठी निसर्गानं त्यात प्रथिनं ठासून भरलेली असतात. त्यामुळे त्याला अंडं लागत नाही, पीठ लागत नाही. साधं दूध, गूळ, वेलदोडा, जायफळ घालून डबा वाफेवर ठेवला की ते आपसूक थिजतं. लहानपणी शेजारून चीक आला की आई पहिला प्रश्न विचारायची, ‘पहिल्या दिवसाचा की दुसऱ्या?’ पहिल्या दिवसाचा असेल तर साधं दूध जास्त घालायचं, दुसऱ्या दिवसाचा असेल तर कमी. म्हणजे थिजवणाऱ्याची ताकद ओळखून बेत करायचा. पुडिंगचं सगळं शास्त्र आईच्या त्या एका प्रश्नात आहे.

चीक काही रोज मिळत नाही. मग आपल्या हाताशी थिजवणारे तीन. अंडं, पीठ आणि चायना ग्रास. तिघांचे स्वभाव वेगळे. अंड्याला उकळी चालत नाही, पिठाला उकळीशिवाय चालत नाही आणि चायना ग्रासला दुधात जाण्याआधी स्वतः उकळून घ्यावं लागतं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी आजचं काम झालं.

आधी अंडं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. अर्धा लिटर दूध, चार अंडी, पाच मोठे चमचे साखर. तळाच्या कॅरमेलसाठी वेगळी चार चमचे साखर. ही साखर चमचाभर पाण्यासह थेट डब्यात घालून गॅसवर ठेवायची. ढवळायची नाही, डबा सांडशीनं नुसता फिरवायचा. साखर आधी विरघळते, मग मधाच्या रंगावर येते. मधाचा रंग काकवीकडे झुकायला लागला की गॅस बंद. उतरवल्यावरही ती गरमच असते आणि आणखी काळपटते, म्हणून थोडं आधीच थांबायचं. मुलांना मात्र तेवढा वेळ ओट्यापासून लांब ठेवा. साखरेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट.

आता दूध कोमट करून त्यात साखर विरघळवा. अंडी फेसू नका, नुसती मोडा. फेस झाला की पुडिंगला भोकं पडतात. दोन्ही एकत्र करून गाळणीतून डब्यात ओता. डब्याला झाकण आणि झाकणाला पातळ फडकं बांधा, म्हणजे वाफेचं पाणी आत ठिबकणार नाही. कुकरची शिट्टी काढून, मंद आचेवर साधारण अर्धा तास. दूध-साखरेतलं अंडं ८० अंश सेल्सिअसच्या आसपास हळूहळू धरतं. त्याच्या बरंच वर गेलं की आक्रसतं आणि पाणी सोडतं. इडलीसारखी जाळी पडलेलं पुडिंग तुम्ही खाल्लं असेल. ती जाळी म्हणजे मोठ्या आचेची खूण. डबा हलवून बघा. कडा बसलेल्या आणि मध्यभाग थरथरतो आहे, असं दिसलं की उतरवा. उरलेलं काम आतली उष्णता करते. पूर्ण गार झाल्यावर फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवा आणि मग ताटलीवर पालथं घाला.

आता पीठ. १८३७ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती. तिच्यासाठी त्यानं मक्याच्या सत्त्वावर अंड्याशिवायचं कस्टर्ड बसवलं. आपल्याकडे फ्रूट कस्टर्डसाठी जी पिवळी पावडर येते, ती त्याच वंशातली. ती म्हणजे मक्याचं सत्त्व, रंग आणि व्हॅनिलाचा वास. मग हे तिन्ही आपल्या घरी, आपल्या मनाप्रमाणे का नकोत? अर्धा लिटर दूध, तीन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, पाच चमचे साखर, चिमूटभर मीठ. कॉर्नफ्लोअर आधी गार दुधात कालवा, मग तापलेल्या दुधात धार धरून घाला आणि ढवळत राहा. दाट व्हायला लागलं की आपण घाईनं गॅस बंद करतो. तिथंच चुकतं. एक खरी उकळी येऊ द्या, बुडबुडे फुटू द्या, वर मिनिटभर शिजू द्या. नाहीतर कच्च्या पिठाचा वास राहतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. चॉकलेटचं हवं असेल तर दोन चमचे कोको आधी कोरड्या साखरेत मिसळून घ्या, गुठळ्या होणार नाहीत. कोकोही थोडा दाटपणा आणतो, म्हणून कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा कमी.

आपल्याकडे कॉर्नफ्लोअरहून गुणी एक सत्त्व आहे, नाचणीचं. त्याच्या वड्या कोकणात होतात. नाचणीला स्वतःचाच एक भाजका, मातकट गोडवा असतो आणि कोकोशी तो असा जुळतो, की खाणाऱ्याला नाचणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगितल्यावर मात्र सगळे म्हणतात, ‘तरीच!’

तिसरा चायना ग्रास. हा समुद्री शेवाळापासून काढतात. अर्ध्या लिटरला पाच ग्रॅम. पांढऱ्या दोऱ्यांसारखा येतो, तो अर्धा तास भिजवा, वाटीभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळा आणि गाळून गरम दुधात मिसळा. गार दुधात घातलात तर लगेच तंतू धरतो आणि सगळं पुडिंग दोऱ्यादोऱ्यांचं होतं. याचा मोठा गुण असा, की एकदा थिजला की आपल्या उन्हाळ्यात ताटात वितळत नाही. जिलेटिन वितळतं. शिवाय जिलेटिनला ताजा अननस, पपई, किवी चालत नाही. त्या फळांमधली पाचक द्रव्यं जिलेटिनची प्रथिनं तोडतात आणि पुडिंग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही पातळच राहतं. चायना ग्रासमध्ये तोडायला प्रथिनंच नाहीत.

आता वेगळ्या चवींकडे वळू. वेगळं म्हणजे आजकालचं फॅड, असं कुणी म्हणेल. तर ऐका. तुर्कस्तानात कोंबडीच्या छातीचे केसासारखे बारीक तंतू घालून दुधाचं गोड पुडिंग करतात, ‘तावुक गोय्सू’, आणि ते तिथं जुन्या मानाचं पक्वान्न आहे. पोर्तुगालमध्ये ब्रागाजवळच्या प्रिस्कोस गावच्या पाद्र्याच्या नावानं ओळखलं जाणारं पुडिंग अंड्यांच्या बलकांत डुकराच्या चरबीचा तुकडा आणि पोर्ट वाइन घालून होतं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात तर गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि काही मिनिटांत ते थिजतं. तिथं चव आणि थिजवणारा एकच, आलं. कच्चं आलं घातलेला आपला चहा कधीकधी फाटतो, त्यामागेही आलंच. आपल्याकडे चहा नासतो, तिकडे पक्वान्न होतं. फरक जोडीचा.

मग आपल्या चवींना जोडीदार कोण? सुगंधाच्या चवी, म्हणजे हळदीचं पान, गवती चहा, केशर, कॉफीच्या भाजलेल्या बिया, यांना अंडं उत्तम. पान तापल्या दुधात घालून झाकून ठेवायचं, दहा मिनिटांनी काढून टाकायचं. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा तो वास कॅरमेलच्या कडवटपणावर कसा बसतो, हे एकदा घरी करूनच बघा. दाट, गरदार चवी, म्हणजे केळं, सीताफळ, हापूस, यांना पीठ. मात्र गर उकळायचा नाही. पुडिंग उतरवून कोमट झालं की हलक्या हातानं मिसळायचा. सीताफळ आचेवर ठेवलं की कडवटतं.

गुळाचं काय? गूळ उकळत्या दुधात टाकला की दूध फाटण्याची भीती. त्याचं उत्तर सिंधुदुर्गातल्या आजीला ठाऊक होतं. शिरवाळ्यांबरोबरचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबरचा, गुळाचा रस ती गाईच्या दुधात करत नाही, नारळाच्या दुधात करते. श्रीलंकेत नारळाचं दूध, माडाच्या जातीच्या झाडाचा गूळ, अंडी आणि वेलदोडा घालून ‘वटलप्पन’ वाफवतात. आपल्या शिरवाळ्यांच्या रसात तीन-चार अंडी मोडली, तर आपण त्याच्या जवळ जाऊन पोचतो. वर जायफळ किसा. ते मात्र कणभरच. जायफळ जास्त झालं की औषधासारखं लागतं.

आणि आंबट चवी? आंबटाला दूधच नको, किंवा दही तरी हवं. दही, दूध आणि कंडेन्स्ड मिल्क समप्रमाणात घेऊन वाफवलं की चिकाशिवायचा खरवस होतो, हे आता घरोघरी माहीत आहे. त्यात किंचित आंबट आंबाही सुखानं नांदतो, कारण जे फाटायचं ते दह्याच्या रूपानं आधीच झालेलं असतं.

राहिलं माझं कोकमाचं पुडिंग. ते मी जूनमध्ये पुन्हा केलं. खाली नारळाच्या दुधाचा थर, साखर आणि चायना ग्रास घालून. त्यावर बोट ठेवल्यावर चिकटेनासं झालं, की दुसरा थर. पाण्यात विरघळवलेला चायना ग्रास, साखर, कणभर मीठ, चिमूटभर जिरेपूड आणि गॅस बंद केल्यावर घातलेला कोकमाचा रस. रस शेवटीच, कारण आंबटात उकळला की चायना ग्रासही ढिला पडतो. सुरीनं कापल्यावर खाली पांढरं, वर गुलाबी. पहिला घास घेऊन आमच्या घरातले म्हणाले, ‘अगं, ही तर सोलकढी!’ खरंच होतं. नारळ आणि कोकम यांची जोडी कोकणानं कधीच जुळवून ठेवली होती. मी उगाच मध्ये गाईला आणलं होतं.

तेव्हा श्रोतेहो, या आठवड्यात अर्धा लिटर दूध बाजूला काढा. आधी साधं व्हॅनिलाचं करा, हात बसू द्या. मग एकच चव बदला, एका वेळी एकच. प्रमाण वहीत लिहून ठेवा, आणि फसलं तर का फसलं तेही त्याखालीच लिहा. आणि एक शेवटची विनंती. नवी चव पहिल्यांदा कराल, त्या दिवशी पाहुणे बोलावू नका.